पत्रिकेत ‘सौ.’ छापायचं की ‘डॉ.’? नावाआधीच्या उपाध्यांबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत पाच वक्ते आहेत, तीन पुरुष आणि दोन स्त्रिया. पाचही जण पीएच.डी. आहेत. पुरुषांच्या नावाआधी ‘डॉ.’ छापलं गेलं आणि स्त्रियांच्या नावाआधी ‘सौ.’. त्यांच्यातल्या एकींनी हरकत घेतली. त्यावर तुमच्या कार्यवाहांचं म्हणणं असं की पीएच.डी.वाले काही खरे डॉक्टर नव्हेत, इतकं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नाही, आणि एवढाच वाद असेल तर सगळ्यांचंच ‘डॉ.’ काढून टाकू. आता तुम्ही विचारताय की शैक्षणिक उपाधीला मान द्यायचाच का, आणि द्यायचा तर पत्रिका छापायची कशी.

संस्थांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांचं संपादन आणि मुद्रितशोधन हे माझं काम आहे, त्यामुळे हा वाद मला अजिबात नवा नाही. तो नेहमी ‘मानापमाना’च्या खात्यात टाकला जातो आणि म्हणून सुटत नाही. खरं तर इथे तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. पीएच.डी. झालेल्या माणसाला ‘डॉ.’ लावणं रीतसर आहे का, हा पहिला. लग्न झालंय की नाही हे सार्वजनिक पत्रिकेत सांगायचं काय कारण, हा दुसरा. आणि एकाच कागदावरच्या पाच नावांना दोन नियम कसे लागले, हा तिसरा. तुमच्याकडे हरकत आली ती तिसऱ्यावर, आणि कार्यवाह उत्तर देताहेत पहिल्याचं.

तरी पहिला प्रश्न आधी निकाली काढू, कारण तो तुलनेने सोपा आहे. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत डॉक्टर ही पदवी धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या शाखांत शिकवण्याचा अधिकार म्हणून दिली जायची. वैद्यांची मक्तेदारी तिच्यावर कधीच नव्हती. संशोधनाचा प्रबंध लिहून मिळवायची आजची पीएच.डी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुजली. अमेरिकेत येल विद्यापीठाने ती १८६१ मध्ये पहिल्यांदा दिली. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डने ती सुरू केली १९१७ मध्ये. आपल्याकडच्या एम.बी.बी.एस.चं नाव नीट वाचलं तर दोन्ही ‘बी’ बॅचलरचे आहेत. म्हणजे कागदावर ती पहिलीच पदवी आहे. वैद्यकीय व्यावसायिकांना ‘डॉ.’ लागतं ते व्यवसायाच्या रूढीने, आणि त्या रूढीलाही माझी काही हरकत नाही. पण पदवीच्या नियमाने बोलायचं तर पीएच.डी.धारकाचा हक्क जास्त सरळ आहे. जर्मनीत प्रबंध लिहून डॉक्टरेट न घेतलेल्या वैद्याला नावाआधी अधिकृतपणे ‘डॉ.’ लावता येत नाही. ब्रिटनमध्ये सर्जन मंडळी परीक्षा पास झाली की मुद्दाम ‘डॉक्टर’ सोडून ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावतात आणि त्यातच मोठेपणा मानतात. रूढी अशा वाकड्यातिकड्या असतात, त्यामुळे ‘खरा डॉक्टर’ हा शब्दप्रयोग वादात टिकत नाही.

आपल्या राज्यघटनेचा १८वा अनुच्छेद कार्यवाहांना जरूर दाखवा. राज्यसंस्थेने किताब देऊ नयेत असं तो सांगतो आणि लष्करी व शैक्षणिक मानविशेष त्यातून वगळतो. रावसाहेब-रावबहादुर गेले, पदव्या राहिल्या. याच अनुच्छेदावरून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सांगितलं की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, आणि म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. तरी पत्रिकांमध्ये ‘पद्मश्री अमुक’ सर्रास छापलं जातं. तुमच्या मालेत असं कोणी असेल तर पुरस्काराचा उल्लेख परिचयाच्या ओळीत करा, नावाला जोडू नका. गंमत अशी की हे बिनदिक्कत छापणारे हातच पीएच.डी.च्या ‘डॉ.’ला अडून बसतात.

कार्यवाहांच्या बोलण्यात तथ्य आहे ते एका ठिकाणी. आरोग्यविषयक कार्यक्रम असेल, रुग्णालयातली नावपाटी असेल, औषधांवरचा सल्ला असेल, तिथे वाचक ‘डॉ.’ म्हणजे वैद्य असंच धरतो, आणि त्या समजुतीवर विसंबून काहीतरी करतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची लेखनशैली याच कारणाने ‘डॉ.’ वैद्यकीय मंडळींपुरतं ठेवते. बातमीच्या कागदासाठी तो नियम समजण्यासारखा आहे. व्याख्यानमालेच्या पत्रिकेत मात्र तो आणायचं कारण नाही, कारण वक्त्याचा विषय तिथे नावाखालीच छापलेला असतो. शंका वाटली तर परिचयात ‘पीएच.डी., समाजशास्त्र’ एवढं लिहिलं की गोंधळ मिटतो. फक्त नावाआधी ‘डॉ.’ आणि नावाला लागून लगेच ‘पीएच.डी.’ असं दोन्ही एका ओळीत नको. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं.

आता ‘डॉ.’ लावायचं कोणाला, याचे बारकावे. प्रबंध सादर झाला म्हणजे पदवी मिळाली असं नाही. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, तोंडी परीक्षा होते, आणि मग विद्यापीठ अधिसूचना काढतं, ज्याला सगळे ‘नोटिफिकेशन आलं’ म्हणतात. त्या तारखेपासून ‘डॉ.’ लावा, दीक्षान्त समारंभाची वाट पाहायची गरज नाही. ‘व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे, कार्यक्रमापर्यंत होईल’ असं कोणी सांगितलं तर पत्रिका साध्या नावाने छापा आणि माइकवरून अभिनंदन करा. उलट केलंत आणि तारीख पुढे गेली, तर अडचण वक्त्याचीच होते.

मानद पदवीचं निराळं आहे. विद्यापीठाने सन्मान म्हणून दिलेली डी.लिट. किंवा एलएल.डी. परिचयात लिहावी, कंसात ‘मानद’ असं स्पष्ट म्हणावं, आणि नावाआधी तिच्या आधाराने ‘डॉ.’ लावू नये, ही जगभरातली सर्वसाधारण रीत. आपल्याकडे ती फारशी पाळली जात नाही, हे मान्य. इथे एक गैरसमजही ऐकू येतो की बाबासाहेब आंबेडकरांचं ‘डॉ.’ मानद होतं. तसं नाही. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. या दोन्ही त्यांनी संशोधन करून मिळवलेल्या, कोलंबियाची एलएल.डी. (१९५२) आणि उस्मानियाची डी.लिट. (१९५३) या मानद पदव्या नंतरच्या. आणि खरी डोकेदुखी आहे ती विकतच्या ‘मानद डॉक्टरेट’ची. कुठल्यातरी परदेशी वाटणाऱ्या नावाची संस्था हॉटेलात समारंभ करून, शाल-श्रीफळ देऊन प्रमाणपत्र देते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातल्या २२व्या कलमाप्रमाणे कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो, आणि आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. सगळ्याच वक्त्यांना विषय, विद्यापीठ आणि वर्ष विचारा. खरी पदवी असलेला माणूस तिन्ही गोष्टी एका दमात सांगतो. टाळाटाळ सुरू झाली की समजा. हे फक्त स्त्रियांना विचारायचं नाही, हे सांगायला नको, पण सांगतो. पडताळणीही अनेकदा एकतर्फीच होते.

‘प्रा.’ चं थोडक्यात सांगतो. महाविद्यालयात शिकवणाऱ्या सगळ्यांना ‘प्रा.’ लावायची आपली सवय जुनी. पदं आता तीन आहेत: सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. अहवालात आणि प्रशस्तिपत्रात नेमकं पद लिहा. पत्रिकेत ‘प्रा.’ चालतं, सगळ्या शिक्षकांना लावलंत तर. ‘प्रा. डॉ.’ अशी जोडी मला जड वाटते; ‘डॉ.’ पुढे आणि पद खालच्या ओळीत, हे जास्त नीटस. ‘प्राध्यापिका’ की ‘प्राध्यापक’ यावर समित्यांमध्ये तासन्‌तास जातात. पदनाम म्हणून ‘प्राध्यापक’, ‘संचालक’, ‘अध्यक्ष’ सगळ्यांना तेच ठेवावं असं माझं मत. क्रियापद बाकीचं काम करतंच: ‘अध्यक्ष म्हणाल्या’ यात काही अडत नाही. ज्यांना ‘अध्यक्षा’ हवं असेल त्यांनी आग्रहाने सांगितलं तर लिहावं, भांडू नये.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे जरा थांबतो, कारण बहुतेक पत्रिका इथेच घसरतात. ‘श्री.’ छापलं की त्या माणसाबद्दल तो पुरुष आहे यापलीकडे काही कळत नाही. लग्न झालंय, नाही झालं, बायको गेली, घटस्फोट झाला, काहीही असो, तो ‘श्री.’च राहतो. स्त्रीसाठी मात्र आपण खण पाडलेत. लग्न झालेलं आणि नवरा हयात असेल तर ‘सौ.’, लग्न व्हायचं असेल तर ‘कु.’, नवरा गेलेला असेल तर रूढीने ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’. म्हणजे वक्तीचं नाव छापताना आयोजकाला तिच्या घरातली परिस्थिती माहीत असावी लागते, आणि छापल्यावर ती हॉलमधल्या सगळ्यांना कळते. व्याख्यानाचा विषय भूजलपातळी असताना. याच ओळीत पुरुषांसाठी आपण पदवी सांगतो आणि स्त्रीसाठी लग्न सांगतो. तुमच्या पत्रिकेत नेमकं हेच झालंय. ‘सौ.’ हा शब्द अपमानाचा आहे असं कोणीच म्हणत नाहीये. त्याच्यामुळे ‘डॉ.’ची जागा गेली, ही तक्रार आहे.

शिवाय ही माहिती अंदाजाने भरली जाते. वय पाहून ‘सौ.’, तरुण दिसली तर ‘कु.’. घटस्फोट झालेल्या, पती नुकताच गेलेल्या, किंवा लग्नच न केलेल्या साठीच्या प्राध्यापकांना ‘सौ.’ छापून पत्रिका घरोघर गेली की ती परत घेता येत नाही. माझ्या मते मुद्रितशोधनात शुद्धलेखनाच्या शंभर चुका परवडल्या, ही एक नको.

‘मग सगळ्यांना श्रीमती लावू का?’ हा पुढचा प्रश्न येतोच. सरकारी कागदांवर ‘श्रीमती’ सर्व स्त्रियांसाठी वापरतात आणि तिथे ते रुळलंय. पण मराठी वाचकाच्या कानात त्याचा जुना अर्थ अजून आहे. धोका आहे तो मिश्रणात: एका नावाआधी ‘सौ.’ आणि शेजारच्या नावाआधी ‘श्रीमती’ आलं की वाचणारा लगेच निष्कर्ष काढतो. म्हणून वापरायचंच असेल तर कागदावरच्या एकूण एक स्त्रीला ‘श्रीमती’ आणि एकूण एक पुरुषाला ‘श्री.’, अशी अट पाळा. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी पातळीवर सुचवला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल; लोकांचा आक्षेप शब्द सुंदर आहे की नाही याला नव्हता, वेगळी खूण लावण्यालाच होता.

हा पेच आपला एकट्यांचा नाही. इंग्रजीत लग्नाचा पत्ता न सांगणारं ‘मिझ’ १९०१ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने सुचवलं होतं आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते स्वीकारायला १९८६ उजाडलं. अविवाहित स्त्रीसाठीचं संबोधन पश्चिम जर्मनीने (‘फ्रॉइलाइन’) १९७२ मध्ये सरकारी व्यवहारातून काढलं, फ्रान्सने (‘मादमोआझेल’) २०१२ मध्ये सरकारी अर्जांवरून. मराठीत असा नवा शब्द कोणी रुजवलेला नाही. आणि म्हणूनच ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ यांना मराठी पत्रिकेत इतकं महत्त्व येतं. स्त्रीच्या लग्नाबद्दल काहीही न बोलणाऱ्या, रोजच्या वापरातल्या उपाध्या आपल्याकडे मोजक्याच आहेत, आणि या दोन त्यांतल्या प्रमुख. ज्यांना ‘पीएच.डी.च्या डॉ.साठी एवढा हट्ट कशाला’ असं वाटतं, त्यांनी तो हट्ट स्त्रियांकडून जास्त का होतो हे यावरून पाहावं. पुरुषाचं ‘डॉ.’ गेलं तर उरतं ‘श्री.’. स्त्रीचं गेलं की तिला पुन्हा तीन खणांपैकी एका खणात बसवलं जातं.

‘डॉ. सौ.’, ‘सौ. डॉ.’, ‘प्रा. डॉ. (सौ.)’ या जोडण्या तडजोड म्हणून येतात. छापू नका. मात्र एखादी वक्ती स्वतःहून लिहून देते की माझं नाव ‘डॉ. सौ. अमुक’ असंच छापा, तर तसंच छापा. तिचं नाव आहे, तुमचं धोरण नव्हे. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाचं निमंत्रण, कौटुंबिक सत्कार यांची भाषा वेगळी असते आणि तिथे ‘चि. सौ. कां.’ पासून सगळं चालतं. माझं म्हणणं सार्वजनिक कामाच्या कागदांपुरतं आहे.

नावाचाही एक गुंता असतो. पदवी एका आडनावावर आणि आजचं आडनाव दुसरं, हे स्त्रियांच्या बाबतीत वारंवार होतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी हे ठळक उदाहरण. केंब्रिजची पीएच.डी. त्यांना १९३९ मध्ये मिळाली ती कमला भागवत या नावाने. लग्न १९४७ मधलं. अशा वेळी विद्यापीठाच्या यादीत आजचं नाव सापडलं नाही म्हणून पदवीवर शंका घेऊ नका. शोधनिबंध कोणत्या नावाने आहेत ते विचारा आणि परिचयात दोन्ही नावं येऊ द्या. मधल्या नावाचंही तेच. पुरुषांची नावं ‘नाव-आडनाव’ आणि स्त्रियांची मात्र नवऱ्याच्या नावासकट तिपदरी, असं छापलेलं पुष्कळ दिसतं. एक घडण ठरवा आणि सगळ्यांना लावा.

मग सगळ्यांचंच ‘डॉ.’ काढलं तर? हा पर्याय वाईट नाही. साधी नावं, खाली एका ओळीत परिचय, अशी पत्रिका मला स्वतःला देखणी वाटते. पण दोन अटी आहेत. पहिली, खरोखर सगळ्यांचं काढायचं: अध्यक्षस्थानी बसणाऱ्या वैद्यकीय डॉक्टरांचं, उद्घाटनाला येणाऱ्या ‘मा. ना. श्री.’ यांचं, देणगीदारांच्या ‘अॅड.’ आणि ‘इंजि.’ चंही. कार्यवाहांना शांतपणे विचारा की मंत्रिमहोदयांचं ‘मा. ना.’ काढायला ते तयार आहेत का. उत्तर ‘नाही’ आलं तर उपाध्या काढायचा प्रस्ताव फक्त प्राध्यापकांपुरता आहे, हे उघड होईल. दुसरी अट वेळेची. यादी करण्यापूर्वी घेतला तर तो निर्णय धोरण ठरतो. एका स्त्रीने हरकत घेतल्यावर घेतला तर तिला तो शिक्षेसारखा लागतो, आणि बाकीचे चौघे ‘तुमच्यामुळे आमचंही गेलं’ म्हणतात ते वेगळंच. या वर्षी म्हणून ‘डॉ.’ ठेवा. पुढच्या वर्षीचं धोरण कार्यकारिणीच्या सभेत ठरवा.

‘मान द्यायचाच का’ याचं माझं उत्तर जरा कोरडं आहे. पदवी एवढंच सांगते की या व्यक्तीने एका विषयावर संशोधन केलं, लिहिलं, आणि परीक्षकांपुढे ते टिकलं. ती व्यक्ती शहाणी, सज्जन किंवा रंजक बोलणारी आहे असं ती सांगत नाही. त्यामुळे पत्रिकेतलं ‘डॉ.’ मला आदरापेक्षा अचूकपणाची बाब वाटतं: श्रोत्याला बोलणाऱ्याची पात्रता कळावी, एवढ्यासाठी. जिथे पात्रतेचा संबंध आहे तिथे ते हवं: व्याख्यान, परिसंवाद, परीक्षक मंडळ, प्रबंधाचा अहवाल. रेल्वेच्या तिकिटावर किंवा सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीत ते नसलं तर काही बिघडत नाही, आणि तिथेही हटून बसणारी मंडळी असतात, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. पण तो त्यांच्या स्वभावाचा भाग. त्यांच्याकडे बोट दाखवून पात्रतेच्या जागी एखादीचं ‘डॉ.’ गाळायचं, हा हिशेब जुळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत तेव्हाचे नवनिर्वाचित अध्यक्ष जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन यांनी ‘डॉ.’ लावणं सोडावं असा लेख वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आला होता. त्यांची डॉक्टरेट शिक्षणशास्त्रातली, डेलावेअर विद्यापीठाची, २००७ ची, रीतसर मिळवलेली. लेखावर टीकेची झोड उठली ती मुख्यतः एका कारणाने: हा सल्ला पुरुषांना इतक्या सहज दिला जात नाही.

हे नुसतं वाटणं आहे का, अशी शंका कार्यवाह काढतील. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या व्याख्यानांच्या चित्रफिती पाहून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वक्ते सगळे डॉक्टरेटच्या दर्जाचे. ओळख करून देणारा पुरुष आणि वक्ताही पुरुष असेल तर पहिल्या उल्लेखात ७२.४ टक्के वेळा उपाधी लावली गेली. ओळख करून देणारा पुरुष आणि वक्ता स्त्री असेल तर ४९.२ टक्के. ओळख स्त्रीने करून दिली तेव्हा वक्ता कोणीही असो, उपाधी बहुतेक नेहमी होती, एकूण ९६.२ टक्के. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही. तोंडात जे आपसूक येतं ते असं येतं.

म्हणून पत्रिका सुधारून काम संपत नाही. आपल्या व्यासपीठावर पुरुष ‘देशपांडे सर’ असतो आणि स्त्री ‘वर्षा मॅडम’ किंवा ‘वर्षाताई’. त्याचं आडनाव, तिचं पहिलं नाव. वृत्तान्तात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये ‘डॉ. घुर्ये यांनी’ असे आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे ‘इरावतीबाईंनी’ अशा एकाच वाक्यात येतात, जरी कर्व्यांनीही बर्लिनहून पीएच.डी. केलेली होती. ‘बाई’ आदराचंच आहे, जिव्हाळ्याचंही आहे, पण मग तिथे घुर्यांनाही तितक्याच जवळिकीने संबोधायला हवं. सूत्रसंचालकाला प्रत्येक वक्त्यासाठी एक चिठ्ठी द्या आणि तिच्यावर पहिला उल्लेख जसा म्हणायचा तसाच पूर्ण लिहा: ‘डॉ. कमला सोहोनी’. दुसऱ्या उल्लेखासाठीही एकच रूप ठरवा, ‘डॉ. सोहोनी’ किंवा ‘सोहोनी मॅडम’, आणि पुरुषांना ‘सर’ म्हणताना त्याच घडणीत म्हणा. चिठ्ठी नुसत्या नावाची दिलीत तर उपाधी सूत्रसंचालकाच्या सवयीने येईल, आणि ती कशी येते ते वरच्या आकड्यांत दिसतंच. वृत्तान्तात पहिल्यांदा उपाधीसह पूर्ण नाव, पुढे सगळ्यांची नुसती आडनावं. ‘सोहोनी म्हणाल्या’ वाचायला अजिबात अडखळत नाही.

एक तांत्रिक चूक नेहमी निसटते. टाइप करताना किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘डॉ’ मधला ‘ॉ’ कधी एका अक्षरचिन्हाने येतो, कधी काना आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. शोधून बदलायला गेलं की निम्मे सापडतच नाहीत, आणि यादीत काहींचं ‘डॉ.’ बदलतं, काहींचं राहून जातं. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधा. आणि उपाधीचा रकाना नावापासून वेगळा ठेवा, नाहीतर अकारविल्हे लावताना सगळे डॉक्टर ‘ड’ खाली गोळा होतात.

आता तुमच्या हातातल्या पत्रिकेचं. व्हॉट्सअॅपवर गेलेली प्रत आजच सुधारून त्याच गटांवर पुन्हा पाठवा, ‘सुधारित’ असं वर लिहून. छापील प्रती वाटायच्या राहिल्या असतील तर दोन्ही नावांची ओळ नव्याने छापून पट्टी चिकटवता येते. प्रती थोड्या असतील तर पुन्हा छापणं बरं, पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांत येते. फ्लेक्स, टेबलावरच्या नावपाट्या, प्रशस्तिपत्रं आणि सन्मानचिन्हावरची अक्षरं तपासा. ती बहुधा त्याच फाइलवरून गेलेली असतात आणि कोरलेलं पुसता येत नाही. हरकत घेतलेल्या वक्तींना पत्र दोन ओळींचं पुरे: नावाआधीची उपाधी चुकीची छापली गेली, सुधारित पत्रिका सोबत जोडली आहे, दिलगीर आहोत. ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द कटाक्षाने टाळा. चूक छपाईत आहे, त्यांच्या भावनेत नाही. दुसऱ्या वक्तींनाही तेच पत्र जाऊ द्या, त्या काही बोलल्या नसल्या तरी.

पुढच्या वर्षी निमंत्रणाबरोबरच सगळ्यांना एक प्रश्न पाठवा: ‘आपलं नाव पत्रिकेत जसं छापून हवं तसं, उपाधीसह, इथे लिहा.’ मोकळी ओळ द्या, ‘श्री./सौ./कु./श्रीमती’ अशी निवडायची यादी नको. त्या यादीत ‘डॉ.’ नसतंच, आणि असलं तर स्त्रीला ‘डॉ.’ आणि ‘सौ.’ यांतून एक निवडावं लागतं. आलेलं उत्तर तुमच्या ठरलेल्या धोरणात बसत नसेल तर परस्पर बदलू नका, फोन करा. आणि गेल्या वर्षीची एक्सेलची यादी उघडाल तेव्हा उपाधीचा रकाना आधी पूर्ण रिकामा करा. जुने ‘सौ.’ बहुतेक वेळा तिथूनच परत येतात.